फॉग लॅम्पमधलं तळं

ताम्हिणीत धुकं उतरलं आणि माझ्या वीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारचे पुढचे फॉग लॅम्प नुसतेच मिणमिणले. डाव्या काचेआड तर चक्क पाणी डुचमळत होतं. बंपर इतका खाली, की खड्ड्यातलं पाणी थेट तिथेच.

आधी काचेच्या कडेने सिलिकॉन फासलं. घोडचूक! आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसेटिक ॲसिडची वाफ निघते. रिफ्लेक्टरची उरलीसुरली चकाकीही गेली. वर त्या नादात मागचं हवेचं छिद्र बुजवलं. दिवा तापला की आतली हवा फुगते, गार झाला की बाहेरची ओढतो. वाट बंद असेल तर फटीतून पाणीच ओढणार ना!

मग चाकाआडचं अस्तर सोडवून दोन्ही दिवे काढले. उजव्याचा रिफ्लेक्टर शाबूत होता. तो दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवला, रबरी सील नवं घातलं, छिद्र मोकळं केलं, कनेक्टरवरचा हिरवा गंज घासला. ५५ वॅटचा एच११ बल्ब कागदात धरून बसवला. बोटांचं तेल त्या काचेला चालत नाही. डावा मात्र बदललाच.

आता डावा जास्त लख्ख दिसतो. बायको म्हणते, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय गाडीचा.