दारू तपासणीसाठी रक्त घेताना या चुका टाळा

पोळ्याची कर, धुळवड, लग्नसराई. या दिवसांत विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री पोलिसांची गाडी येतेच. "साहेब, याचं रक्त घेऊन द्या न लवकर." आणि घाईत हात सवयीनं स्पिरिटच्या कापसाकडे जातो. केस तिथंच ढिली पडते. खरं तर तेवढ्या स्पिरिटमधल्या अल्कोहोलनं रक्तातला आकडा फारसा हलत नाही; पण बचावाच्या वकिलाला तेवढी फट पुरते. टिंक्चर आयोडीनही नको, त्यातही अल्कोहोलच असतं. साबण-पाणी किंवा पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन वापरा आणि काय वापरलं ते कागदावर लिहा.

त्याहून मोठं नुकसान वेळेचं होतं, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. शरीर ताशी १०० मिली रक्तामागे साधारण १० ते २० मिग्रॅ दारू संपवतं. अपघात रात्री १० ला झाला, तेव्हा १०० मिली रक्तात ८० मिग्रॅ होती. पंचनामा, रेफर, गाडीची वाट यात २ वाजले, तर ताशी १५ नं हिशेब धरला तरी उरतात जेमतेम २०. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. म्हणजे गडी सुटला! रक्त आधी घ्या, बाकी कागद मागून. घेतल्याची वेळ तासा-मिनिटानं लिहा. नुसती तारीख कामाची नाही.

बाटली सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झॅलेट घातलेली हवी. साध्या बाटलीत जंतू साखर आंबवून दारू तयार करू शकतात. बाटली भरत आणा, झाकण घट्ट लावा, हळूच उलटसुलट करा. अर्धी रिकामी ठेवली तर दारू वरच्या हवेत जाते. मे महिन्यात नमुना शिपायाच्या मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारभर राहिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. फ्रीजमध्ये ठेवा, लाखेचं सील करा, सीलच्या ठशाचा नमुना सोबत जोडा आणि ७ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचेल असं पाठवा.

खासगी लॅबचा सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर पाण्याचा) आकडा थेट रक्ताचा समजू नका. तो साधारण १० ते २० टक्के जास्त येतो. आणि वर्धा-गडचिरोलीकडे दारूबंदीच्या केसमध्ये ३० चा आकडा लावू नका. त्या कायद्यात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलीत ५० मिग्रॅ, असा हिशेब आहे.