नान्नजला जाताय? मग या चुका टाळा

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली की फोन सुरू होतात. पुण्याचे पाहुणे आलेले असतात, जत्रा फिरून झालेली असते, हुरडा खाऊन झालेला असतो आणि एक दिवस मोकळा उरलेला असतो. "जरा माळढोक दाखवून आण की." बोलणाऱ्याच्या सुरावरून वाटावं, हा दुर्मीळ पक्षी गावातल्या सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बसलाय आणि आपण फक्त गाडी काढायची.

सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध, सोनाका आणि शरद सीडलेस या जाती इथल्याच. त्याच्या भोवती माळढोक अभयारण्याचा गवताळ माळ पसरलाय. ताडोबासारखं राष्ट्रीय उद्यान नव्हे हे. जिप्सींची रांग नाही, सफारीचा गोंगाट नाही, वाघ तर नाहीच. शांत जागा आहे. आणि शांत आहे म्हणूनच लोक तिथे वाट्टेल तसं वागतात. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता लिहून टाकतो.

माळढोक बघायलाच येणं

अभयारण्य 1979 साली जाहीर झालं ते माळढोकासाठी, हे खरं. पण आज देशभरात मोकळ्या रानात दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. मादी एका विणीला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. अशा पक्ष्याचं दर्शन रविवारी सकाळी नऊ ते अकरात मागायचं म्हणजे कमाल आहे. "माळढोक दिसला!" म्हणून मला मोबाइलवर जे फोटो दाखवले जातात, त्यांत लांडोरीचा नंबर कायम पहिला.

काळवीट बघायला या. काळवीट इथे हमखास दिसतात, आणि नर ऐन रंगात असला की दुसरं काही बघावंसं वाटत नाही. खोकड (छोटा कोल्हा) बघा, नशीब असेल तर लांडगा बघा. हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, दिवसभर गवतावरून तरंगतात आणि संध्याकाळी एकेक करून गवतातच मुक्कामाला उतरतात. ते उतरणं ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने सरळ कुठल्याही बागेतल्या बाकावर बसावं, पेट्रोल वाचेल. धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे पक्षी मातीच्याच रंगाचे. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, मग एक ढेकूळ चालायला लागतं. पण अर्धा तास थांबतो कोण?

गाडी माळात घालणं

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक ही, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

लोकांना वाटतं, कुंपण नाही, झाडं नाहीत, म्हणजे जागा मोकळी. अभयारण्याचं मूळ क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, रस्ते, शेतं, सगळंच आलं होतं. पुढे ते कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. आजही हे सलग जंगल नाही. वनखात्याचा गवताळ तुकडा, शेजारी ज्वारी, पलीकडे द्राक्षाची बाग, मध्येच गायरान. तुम्हाला जो "ओसाड माळ" दिसतो तो एक तर कुणाचं शेत असतो, नाही तर कुणाचं घरटं.

एका ओळखीच्यांचा पुतण्या मित्रांना घेऊन आला होता. नवी उंच गाडी, नवी मोठी लेन्स, आणि अंगात घाई. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेलेला. मी माझी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि त्यांनाही मागेच थांबायला सांगितलं. ऊन वर यायच्या सुमाराला पलीकडच्या बांधावर लांडग्यांची जोडी दिसली. दोघंही उभी, आमच्याकडेच बघत. इतकं शांतपणे बघणारं जनावर दुसरं नाही. मी खिडकीतून हातानेच खूण केली, थांबा म्हणून. तर मागून आवाज आला, "काका, दोनच मिनिटं, एक जवळून घेतो!" आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली.

वरून सुकलेली दिसणारी काळी जमीन आत लोण्यासारखी होती. थोडं अंतर गेली आणि पुढची चाकं बसली. त्याने रेस केली तशी मागचीही बसली. लांडगे कधीच बांधाच्या पलीकडे उतरले होते. त्यांनी पळायची तसदीसुद्धा घेतली नाही.

मग शेतकरी आला. त्याने आधी गाडीकडे बघितलंच नाही, चाकाखाली आडव्या झालेल्या मालदांडी ज्वारीकडे बघितलं. एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं. दाण्यातून पांढरा चीक आला. "आठ दिसांनी हुरडा झाला असता ह्येचा," एवढंच म्हणाला. पुतण्याने पाचशेची नोट काढली. म्हातारा म्हणाला, "ठिव खिशात. रस्ता हितं न्हाई, त्यो तिकडं हाय, एवढं ध्यानात ठिव." वस्तीवरून ट्रॅक्टर येऊन साखळीने गाडी ओढून काढेपर्यंत दुपार झाली. नवी लेन्स त्या दिवशी बॅगेतून बाहेर आलीच नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. नंतर त्याच भागात मेंढ्या घेऊन बसलेला धनगर भेटला. त्याच्याकडून कळलं की त्या बांधामागच्या ओढ्यात लांडगीची पिल्लं होती आणि त्या गोंधळानंतर ती तिथून हलली. थंडीच्या दिवसांत पिल्लं बिळात असतात, आणि माणसाचा त्रास झाला की लांडगी एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते. नवी जागा पहिल्याइतकी सुरक्षित असेलच असं नाही. ज्याच्या मेंढ्या लांडगा उचलतो तो धनगर हे कळवळून सांगत होता, आणि ज्यांना लांडग्याचं फार प्रेम म्हणून ते आले होते, ते टायरचा चिखल खरवडत होते.

माझी सवय सांगतो. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवतो, मग समोर काहीही दिसो. इंजिन बंद, काच अर्धी खाली. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली पिशवी, आत ज्वारी भरलेली. ती काचेवर ठेवली की तिच्यावर लेन्स टेकते. ट्रायपॉड लावायला खाली उतरायचं नाही. जनावरं गाडीला सरावतात, दोन पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाला नाही. सपाट माळावर माणूस उभा राहिला की तो मैलभरावरून दिसतो. काळवीटांनी माना वर करून तुमच्याकडे बघितलं तर तिथेच थांबायचं. एखाद्याने उभ्याउभ्या उडी घेतली की समजायचं, आजचा फोटो गेला.

नाश्ता करून निघणं

"आठला निघू, वाटेत पोहे खाऊ, दहाला पोचू." छान. दहाला तुम्हाला ऊन दिसेल.

आणि मग तक्रार येते, की लेन्स खराब आहे, फोकस लागत नाही, काळवीट हललेला येतो. हजारो रुपये खर्चून लेन्स तपासून आणलेले लोक मला माहीत आहेत. लेन्सला काहीही झालेलं नसतं. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि लांबच्या जनावराचा फोटो त्या थरथरत्या हवेतून येतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची आणि जनावर जितकं दूर, तितकी ही थरथर जास्त दिसते. शटर वाढवून, सेटिंग बदलून ती जात नाही. खात्री करायची असेल तर वीस पावलांवरच्या बाभळीच्या काट्याचा फोटो काढा. तो धारदार आला तर लेन्स ठणठणीत आहे, दोष घड्याळाचा आहे.

एक प्रकार त्याहून चोरटा. गाडीत एसी किंवा हीटर चालू ठेवून काच खाली करतात. आतली आणि बाहेरची हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते आणि फोटो मऊ येतो. बॉनेटवरून फोटो काढला तरी तेच, इंजिनाची धग मध्ये येते. एसी बंद करा, दहा मिनिटं काच उघडी ठेवून बसा, मग कॅमेरा काढा.

उजाडायच्या आत नान्नज ओलांडलेलं असावं. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन, बाकी वेळ झाडाखाली झोपायचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तर हट्ट करूच नका.

न विचारता आत शिरणं

अभयारण्याच्या राखीव भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. आधी वनखात्याकडे चौकशी करा, कुठली वाट चालू आहे ते विचारा, स्थानिक माणूस बरोबर घ्या. "अमक्याची ओळख आहे" हे वाक्य वनरक्षकाला ऐकवू नका, त्याने ते रोज ऐकलेलं असतं. सगळं आखीव, ऑनलाइन बुकिंग करूनच हवं असेल तर पुणे वनविभागाने इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे, तिकडे जा. पुणे रस्त्यानेच आहे, आणि नवख्या माणसाला मी आधी तिकडेच पाठवतो.

बारीकसारीक, पण नडणारं

जाळीचे स्पोर्ट्स शूज घालू नका. पावसाळा सरला की कुसळी गवत पिकतं, त्याचं बी भाल्यासारखं टोकदार असतं आणि शेपटीला पीळ असतो. ओल लागली की पीळ फिरतो आणि बी मोज्यातून आत आत जातं. घरी जाऊन चिमट्याने काढत बसावं लागतं. चामड्याचे बूट, जाड सुती पँट, बस्स.

पांढरा शर्ट नको. अत्तर नको.

चिप्सची पाकिटं नकोत. त्यांचा कर्रकर्र आवाज माळावर फार लांब जातो आणि रिकामं पाकीट त्याहून लांब. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. भाकरीचाही आवाज होतो म्हणा, पण निदान मागे काही उरत नाही.

ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यावर उडवायला बंदी आहे, आणि वरून काहीतरी घोंघावलं की सगळा कळप उधळतो.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत पक्षी घरटं सोडून त्या खोट्या शेजाऱ्याशी भांडत बसतो.

कुत्रा बरोबर आणू नका आणि गावातल्या कुत्र्यांना बिस्किटं टाकू नका. काळवीटाच्या पाडसांना कुत्रे फाडतात, आणि त्यांचे रोग लांडग्याला, खोकडाला लागतात.

लांडग्याच्या बिळाची, घरट्याची जागा मोबाइलच्या लोकेशनसकट ग्रुपवर टाकणाऱ्याला मी पुन्हा बरोबर नेत नाही.

एका दिवसात सगळं

सकाळी नान्नज, दुपारी भिगवणला उजनीचे रोहित पक्षी, येताना पंढरपूरला दर्शन. असा कार्यक्रम मला एकाने कागदावर वेळांसकट लिहून दाखवला होता. भिगवण सोलापूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्याचा वेगळा दिवस काढा. तिथेही होडीत पहाटेच बसावं लागतं. विठोबाच्या रांगेला तर घड्याळ लावूच नये.

नान्नजची सकाळ झाल्यावर हात शिवशिवत असतीलच तर शहराजवळच, तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव आहे. हिवाळ्यात बदकं उतरलेली असतात. दुपारी घरी जाऊन जेवा, चारला तिकडे जा, काठावर बसा. फक्त गाडी पाण्यापर्यंत नेऊ नका, तिथली मातीही काळीच आहे.