आजच्या व्यक्तिचित्राला एकोणिसाव्या शतकाचे रूप कसे द्यावे

छायाचित्रावर तपकिरी रंग चढवला की ते जुने दिसते, हा समज आधी सोडून द्यावा. 1851 मध्ये आलेल्या ओल्या कोलोडियनच्या (चिकट रासायनिक द्रावणाचा थर ओला असतानाच चित्र टिपण्याच्या पद्धतीतील) काचेवर मुख्यतः निळा प्रकाशच उमटत असे, त्यामुळे लाल ओठ आणि कुंकू जवळजवळ काळे, तर निळे आकाश पांढुरके दिसे. म्हणून जिंप किंवा फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनल मिक्सर (लाल, हिरवा व निळा यांचे प्रमाण ठरवणारे साधन) उघडून मोनोक्रोम, म्हणजे एकरंगी, हा पर्याय निवडावा, लाल आणि हिरवा शून्यावर आणावा व निळा 100 टक्के ठेवावा. यामुळे चेहऱ्यावरचे वांग आणि डाग ठळक होतात. ते सरसकट पुसले, तर चित्राचा जीवच जातो.

त्यानंतर कर्व्हमध्ये, म्हणजे उजेड-सावली बदलणाऱ्या आलेखात, काळ्या टोकाचा बिंदू थोडा वर उचलावा. सावल्यांना जांभळट तपकिरी आणि उजळ भागांना फिकट पिवळी छटा द्यावी, कारण अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला त्या काळचा अल्ब्युमिन कागद काळानुसार पिवळा पडत असे.

त्या काळच्या व्यक्तिचित्रांसाठी वापरले जाणारे पेट्झवाल भिंग मध्यभागी रेखीव आणि कडांना धूसर असे; तेव्हा मास्क (चित्राचा ठरावीक भाग झाकून बाकीच्यावरच बदल करण्याची सोय) वापरून डोळे स्पष्ट ठेवावेत आणि कान, खांदे हळूहळू अस्पष्ट करत न्यावेत. दाणेदारपणा मात्र मुळीच घालू नये, कारण कोलोडियनमध्ये तो जवळपास नसेच. तयार ओरखड्यांचे थरही टाळलेलेच बरे. छपाई पातळ कागदावर करून ती सुमारे सव्वाचार बाय साडेसहा इंचांच्या जाड पुठ्ठ्यावर, म्हणजे कॅबिनेट कार्डाच्या मापात, चिकटवावी.