मोठे इलेक्ट्रिक एरोबॅटिक विमान जोडताना या चुका टाळा

रिमोटवर उडणाऱ्या लहान फोमच्या विमानावर हात बसला की पुढची ओढ मोठ्या विमानाची लागते. सुमारे दोन मीटर पंखविस्ताराचे, बाल्सा आणि प्लायचे, १२ सेलच्या बॅटरीवर चालणारे विमान खोक्यातून बाहेर काढले की ते निम्मे तयार असल्यासारखे दिसते, आणि चुकांची सुरुवात तेथेच होते. लहान विमानात जो ढिलेपणा चालून जातो, तोच पाच किलोच्या विमानात एखादा सांधा उपटून काढतो. कोल्हापुरात आमच्या ओळखीतल्या मंडळींची जी विमाने पडली, त्यांपैकी बहुतेकांचे कारण उडवणाऱ्याच्या हातात नव्हते. ते जोडणीच्या टेबलावरच राहून गेलेले होते.

गोंद लावण्याआधी

सर्वांत आधी विमान गोंदाशिवाय पूर्ण जुळवून पाहावे. पंख नळीवर चढवून मागची आडवी शेपटी जागेवर ठेवावी आणि दोन्ही पंखटोकांपासून शेपटीच्या त्या त्या बाजूच्या टोकापर्यंत न ताणणाऱ्या दोऱ्याने अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आल्याशिवाय गोंदाला हात लावू नये. त्यानंतर दहा पावले मागे जाऊन पंख आणि शेपटी एकमेकांना समांतर दिसतात का, तेही पाहावे.

शेपटी जेथे चिकटते तेथील कव्हरिंग (लाकडावरचे पातळ प्लॅस्टिकचे आवरण) कापताना ब्लेडला जोर दिला, तर खालच्या बाल्सावर चीर पडते आणि शेपटी पुढे नेमकी त्याच रेषेवर मोडते. तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने कव्हरिंग वितळवून काढणे हा त्यावर सुरक्षित उपाय आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या विमानाचे कव्हरिंग सुरकुतलेले दिसले तर लगेच इस्त्री फिरवू नये. विमान दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत राहू द्यावे आणि मग कमी तापमानापासून सुरुवात करावी.

बिजागऱ्या: येथे वेळ द्या

माझे एक विमान एलिव्हेटरची (आडव्या शेपटीच्या हलत्या भागाची) बिजागरी सुटून उसाच्या फडात गेले. माणसापेक्षा उंच उसात ते शोधायला दीड दिवस लागला. सापडल्यावर पाहिले, तर बिजागरीचा दांडा खिळा उपटावा तसा स्वच्छ बाहेर आलेला होता आणि त्याच्या तोंडाशीच तेवढी एपॉक्सीची पातळ कडी होती. गोंद मी दांड्याला लावला होता. भोकात शिरताना तो काठावर निपटला गेला आणि आत काहीच पोहोचले नाही.

तेव्हापासून मी गोंद आधी भोकात भरतो, काडीने तो आतल्या भिंतींना फिरवतो, दांड्याला सँडपेपरने खरखरीत करतो आणि मगच बसवतो. बिजागरीच्या सांध्यावर आधी व्हॅसलिनचा अगदी बारीक थेंब लावावा, म्हणजे एपॉक्सी आत जाऊन तो आखडत नाही. पण व्हॅसलिन दांड्यावर गेले, तर तेथे गोंद धरणार नाही. एपॉक्सी ३० मिनिटांचीच घ्यावी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तीही लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी एकाच पृष्ठाइतकी (पंख किंवा शेपटीच्या एका हलत्या भागाइतकी) कालवावी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिजागरी हाताने नेटाने ओढून पाहावी. हाताच्या ओढीने सुटणारी बिजागरी घरातच सुटलेली बरी.

बिजागरीची फटही महत्त्वाची आहे. एलरॉन (पंखांचे हलते भाग) आणि एलिव्हेटर पूर्ण वळवून खालच्या बाजूने पारदर्शक टेपने फट बंद केल्यास पृष्ठाचा परिणाम वाढतो आणि फ्लटरचा धोका कमी होतो. फ्लटर म्हणजे वेगात पृष्ठ थरथरू लागणे. त्याचा घरघर असा आवाज कानी पडला, तर ताबडतोब थ्रॉटल कमी करून उतरावे आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा उडवू नये. कारण बहुतेक वेळा लिंकेजमधल्या (सर्व्होपासून पृष्ठापर्यंतच्या जोडणीतल्या) सैलपणात असते: सर्व्होच्या (पृष्ठ हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) आर्मचे मोठे झालेले छिद्र, झिजलेला बॉल लिंक किंवा आर्मचा सैल मधला स्क्रू.

सर्व्होचे आर्म आणि रेडिओ

२५ दातांच्या सर्व्होवर आर्म एक दात सरकवला की तो १४.४ अंशांनी फिरतो. त्यामुळे आर्म नेमका काटकोनात क्वचितच बसतो आणि उरलेली चूक सबट्रिमने (रेडिओतून सर्व्होचा मध्य सरकवून) भरावी लागते. ती थोडी असेल तर हरकत नाही. पण पुशरॉडच्या (आर्म आणि पृष्ठ जोडणाऱ्या दांडीच्या) लांबीची चूक सबट्रिमने झाकली, तर पृष्ठ वर एका मापाने आणि खाली दुसऱ्या मापाने वळते. आर्म जेवढा जमेल तेवढा काटकोनाजवळ आणून पृष्ठाचा मध्य पुशरॉडच्या लांबीनेच साधावा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लांब आर्म लावून रेडिओत ठरवलेला सर्व्होचा प्रवास निम्म्यावर आणणे. यात सर्व्होची निम्मी ताकद आणि निम्मी अचूकता वाया जाते. हवे तेवढे वळण १०० टक्क्यांच्या आसपासच्या प्रवासात मिळेल, असे छिद्र निवडावे. एलिव्हेटरला दोन सर्व्हो असतील, तर दोन्ही भाग मध्यावर, पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा तीन ठिकाणी कोनमापकाने जुळवावेत, अन्यथा लूप घेताना विमान एका बाजूला गुंडाळत जाते.

वीज

सहा सेलच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की नाममात्र ४४.४ व्होल्ट आणि पूर्ण चार्जला ५०.४ व्होल्ट होतात. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावू नये, कारण कमजोर बॅटरी आधी संपते आणि बिघडते. जोड्यांवर क्रमांक लिहून ठेवावेत. प्लग जोडताना उडणारी ठिणगी ईएससीतले (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधले) कपॅसिटर भरताना होते, म्हणून ठिणगीरोधक प्लग वापरावा. तार अपुरी पडली, तर ती मोटर आणि ईएससी यांच्यामध्ये वाढवावी. बॅटरीकडची बाजू जादा कपॅसिटर न लावता वाढवल्यास ईएससी जळू शकतो.

एवढ्या व्होल्टेजच्या अनेक ईएससींमध्ये रिसीव्हरसाठी वीज नसते. वेगळी दोन सेलची लिपो लावली, तर ती पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट देते, हे सर्व्होवर लिहिलेल्या कमाल व्होल्टेजशी ताडून पाहावे. सहा व्होल्टच्या सर्व्होवर एवढे व्होल्टेज गेल्यास तो जळतो. मोठ्या सर्व्होंच्या एक्स्टेन्शनला बारीक तारा अजिबात नकोत. हे सारे तपासताना प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढूनच ठेवावा. या एका बाबतीत मी कोणाचीही सवलत मागणे मान्य करत नाही.

फायरवॉल (मोटर बसते ती पुढची भिंत) किंचित उजवीकडे झुकलेली दिसली, तर ती चूक समजून वॉशर घालून सरळ करू नये. तो मुद्दाम दिलेला कोन असतो. काउलमध्ये (मोटरवरच्या झाकणात) हवा बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा बरीच मोठी ठेवावी, नाहीतर आत शिरलेली हवा कोंडते आणि बॅटरी तापते.

तोल आणि पहिले उड्डाण

बॅटऱ्या बसवूनच गुरुत्वमध्य मोजावा. पाच किलोच्या विमानात दीड किलोची बॅटरी तीन सेंटिमीटर सरकली की गुरुत्वमध्य नऊ मिलिमीटर हलतो. पुस्तिकेत दिलेल्या टप्प्यातील पुढच्या टोकापासून सुरुवात करावी आणि बॅटरीची जागा ट्रेवर पेनाने आखून ठेवावी.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास ड्रोन नियम २०२१ प्रमाणे परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणून मैदान ठरवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. मैदानावर रेडिओची रेंज तपासावी, आणि ट्रान्समीटर बंद केल्यावर थ्रॉटल शून्यावर येतो का, ते प्रॉप काढून पाहावे.

मोटर आणि तिच्या माउंटच्या धातूतल्या प्रत्येक बोल्टला निळा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावावा, पण प्लॅस्टिकला तो लागू देऊ नये, कारण त्याने ते तडकते. उद्यमनगरातील एका लेथवाल्याकडून मी मोटरचे स्टँडऑफ (मोटर पुढे धरणारे छोटे खांब) करून घेतले, तेव्हा त्याने बोल्टचे डोके आणि शेजारचा धातू यांवर मिळून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढून दिली. पहिले उड्डाण दोन-तीन मिनिटांचेच करावे, उतरल्यावर बॅटरी काढावी आणि कॅनॉपी व काउल उघडून या रेघा पाहाव्यात. ज्या बोल्टची रेघ तुटली आहे तो फिरलेला आहे, आणि तो काढून, पुसून, नव्याने थ्रेडलॉक लावून बसवल्याशिवाय दुसरे उड्डाण करू नये.