पंपाला एक क्वार्टर देशी : उन्हाळ कांद्यातला उपाय खरा की खोटा, बारा वाफ्यांत तपासा

जानेवारी सरत आला आणि ऊन चढू लागले की निफाड, येवला, चांदवड, देवळा पट्ट्यातल्या उन्हाळ कांद्यावर थ्रिप्स, म्हणजे पातीचा रस शोषणारे बारीक फुलकिडे, दिसू लागतात. पातीवर पांढरे चट्टे येतात, शेंडे वाकडे होतात. मग पारावर उपाय निघतात : पंपाला एक क्वार्टर देशी दारू, आंबट ताक, दूध-गूळ. ‘माझ्या कांद्याला फरक पडला’ असे सांगणारा शेतकरी खोटे बोलत नसतो, फरक त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. प्रश्न एवढाच की तो कशाने पडला.

फवारणी आपण थ्रिप्स भरपूर झाल्यावर करतो. त्यानंतर पावसाची एखादी सर पडली की ते आपोआप कमी होतात आणि श्रेय पंपातल्या वस्तूला जाते. दुसरे म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यानेही थोडे थ्रिप्स धुऊन जातात. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त फसवते : स्टिकर, म्हणजे फवारा पातीवर पसरवून चिकटवणारे द्रव. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, त्यावरून साधे पाणी थेंब होऊन ओघळते. स्टिकर किंवा साबण घातला की तेच पाणी पसरते आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पातींच्या बेचक्यात, जिथे थ्रिप्सची पिल्ले दडलेली असतात, तिथपर्यंत उतरते. दारूसोबत स्टिकर टाकला असेल तर काम दारूने केले की स्टिकरने, हे नुसत्या नजरेने कधीच कळणार नाही.

क्वार्टरचा हिशोबही मांडून बघा. १८० मिली देशीत अल्कोहोल सुमारे ४३ टक्के, म्हणजे ७७ मिली. ते १५ लिटरच्या पंपात गेले की जेमतेम अर्धा टक्का उरते, आणि अल्कोहोल लवकर उडून जाते. एवढ्यावरून उपाय खोटा ठरत नाही, पण तपासल्याशिवाय पैसे घालू नयेत एवढे नक्की ठरते.

तपासणीला सव्वा गुंठा पुरतो. एकाच दिवशी, एकाच रोपाने लावलेल्या कांद्यात ३ मीटर बाय २ मीटरचे १२ वाफे आखा : बांधाला समांतर चार ओळी, प्रत्येक ओळीत तीन वाफे. दोन वाफ्यांमध्ये मीटरभर कांदा न फवारता सोडा, नाहीतर एकाचे तुषार दुसऱ्यावर जातात. ओळी बांधाला समांतरच हव्यात, कारण बांधाकडे थ्रिप्स बहुधा जास्त असतात आणि एका ओळीतले तिन्ही वाफे बांधापासून सारख्या अंतरावर असले तरच तुलना न्याय्य होते. वाफ्यांना १ ते १२ आकड्यांच्या खुंट्या ठोका. खुंटीवर औषधाचे नाव लिहू नका.

प्रत्येक ओळीत एक वाफा अजिबात न फवारलेला, एक नुसते पाणी आणि स्टिकर, एक दारू, पाणी आणि स्टिकर. कोणत्या वाफ्याला काय, ते ओळीगणिक चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपण निवडायला बसलो की लाडका उपाय चांगल्या वाफ्याकडे जातोच.

एकरी २०० लिटर पाण्याच्या हिशोबाने एका वाफ्याला ३०० मिली फवारा लागतो, चार वाफ्यांना १.२ लिटर. थोडे जास्त धरून दीड लिटर तयार करा. त्यात दारू १८ मिली, स्टिकर ०.७५ मिली. स्टिकर सुईच्या सिरिंजने मोजा, झाकणाने मोजलेले दर वेळी वेगळे भरते. हातपंप नवा किंवा फक्त याच कामाचा असावा. कीटकनाशकाच्या पंपात तळाशी उरलेला अंश सगळा निकाल बिघडवतो.

मोजणी फवारणीच्या आदल्या सकाळी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, ऊन तापायच्या आत करा. वाफ्याच्या कडेच्या दोन ओळी सोडून मधली १० झाडे घ्या. झाड कागदावर झटकून भागत नाही : पाती मानेशी अलगद विलग करा, आतली फिकट पिवळी, सुईच्या टोकाएवढी पिल्ले दहापट भिंगातून मोजा. मोजणाऱ्याला कोणत्या खुंटीला काय फवारले ते माहीत नसावे. घरातली नववी-दहावीची मुले हे काम फार नेटाने करतात.

मधल्या सात दिवसांत या वाफ्यांवर दुसरे कीटकनाशक नको. करप्याचे औषध द्यावेच लागले तर बाराही वाफ्यांना सारखे द्या. झाडामागे सरासरी ३० थ्रिप्सच्या वर गेले की प्रयोग थांबवून शिफारशीची फवारणी करा. पीक हातचे जाऊ देऊन शिकायचे नाही.

आता निकाल. दारूच्या वाफ्याची तुलना न फवारलेल्याशी करू नका, त्याच ओळीतल्या पाणी-स्टिकरच्या वाफ्याशी करा. चारपैकी किमान तीन ओळींत दारू सरस ठरली तर हुरळून जाऊ नका, निव्वळ योगायोगानेही असे सोळात पाच वेळा घडते. चारही ओळींत सरस ठरली तर योगायोगाची शक्यता सोळात एक. म्हणून तीन शेजाऱ्यांनी आपापल्या शेतात हाच आराखडा करावा. बारा जोड्यांपैकी दहा किंवा जास्त दारूच्या बाजूला झुकल्या तर ते योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात दोन. काढणीला प्रत्येक वाफ्याच्या मधल्या एक चौरस मीटरचा कांदा पात कापून तोला. थ्रिप्स कमी होऊनही वजन तेवढेच भरले, तर क्वार्टरचा खर्च पाण्यातच गेला.

द्राक्षातल्या ताकाचे गणित वेगळे आहे. भुरीची, म्हणजे पांढऱ्या पुडीसारख्या दिसणाऱ्या रोगाची, बुरशी पानाच्या पृष्ठभागावर वाढते, त्यामुळे दूध किंवा ताकाचा तिच्यावर परिणाम होऊ शकतो. भोपळावर्गीय पिकांत एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी या प्रमाणात तसा तो दिसलेलाही आहे. डाऊनी (केवडा) हा द्राक्षावरचा दुसरा रोग मात्र पानाच्या आत शिरतो, तिथे ताकाच्या भरवशावर राहू नका. तपासायचे तर बिननिर्यातीच्या दोन ओळींत, फक्त पानांवर. मणी धरल्यावर घडावर ताक मारले तर डाग पडतात, मण्यावरची पांढुरकी मेणाची झाक जाते आणि मालाची प्रत उतरते.

अमावस्येच्या सुमारास घाटे अळीचे पतंग जास्त अंडी घालतात, ही टोमॅटोवाल्यांची समजूतही तपासण्याजोगी आहे. प्रकाश सापळ्यात अमावस्येला पतंग जास्त पडतात हे खरे, पण अंधारात दिवा जास्त उठून दिसतो हेही त्याचे कारण आहे. म्हणून सापळ्यावर विसंबू नका. दोन महिने, दर तिसऱ्या दिवशी, त्याच २० झाडांच्या शेंड्याकडच्या पानांवर घाटे अळीची अंडी मोजा, वहीत तिथीसह लिहा आणि मग अमावस्येचा आकडा बाकीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

एक उपाय प्रयोगालाही घेऊ नका : तंबाखूचा काढा. घरगुती असला तरी त्यातले निकोटीन कातडीतून शरीरात शिरते. पंप गळून पाठ ओली झाली तर मळमळ, चक्कर आणि त्याहून वाईटही होऊ शकते. कपडे तिथल्या तिथे उतरवून साबणाने अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा.