पांदणीसाठी गिअरिंग, डांबरासाठी चाकांचं बॅलन्सिंग: ड्युअल-स्पोर्ट गाडीची दोन कामं एका बैठकीत

पावसाळ्यात वावराकडे जाणाऱ्या पांदणीत पहिला गिअर टाकूनही गाडी रखडत असेल, क्लच अर्धा दाबून ठेवावा लागत असेल, तर दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे डांबर आणि माती दोन्हीवर चालणारी गाडी; कंपनीने तिचं गिअरिंग (मागच्या-पुढच्या दातांचं प्रमाण) दोन्ही सांभाळायला ठेवलेलं असतं, काळ्या चिकण मातीसाठी नव्हे. मागचं चाक निघणारच आहे, तर बॅलन्सिंगही त्याच बैठकीत उरकावं.

आधी हिशोब

चेन ज्या दातेरी चकत्यांवर फिरते ती स्प्रॉकेटं. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांना पुढच्या दातांनी भागा. समजा मागे ४०, पुढे १३, उत्तर ३.०८. पुढे १२ केले की ३.३३, म्हणजे ओढ साधारण ८ टक्के वाढली. तेवढीच ओढ मागून मिळवायची तर ४३ दातांचं स्प्रॉकेट लागतं. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन दात, असं धरून चाला.

याची किंमत डांबरावर मोजावी लागते. ज्या वेगाला इंजिन ५००० आरपीएमवर फिरायचं, त्याच वेगाला आता सुमारे ५४०० वर फिरेल. रोज अमरावती-नागपूर करणाऱ्याने मूळ गिअरिंगच ठेवावं. (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तो प्रश्नच नाही.) ज्याचं फिरणं वावर, धुरा आणि चिखलदऱ्याचा घाट एवढंच आहे, त्याने पुढचा एक दात कमी करून पाहावा. स्वस्त आहे, आणि नाही जमलं तर पुन्हा पूर्वीसारखं करता येतं. दोन दात मात्र कमी करू नका: लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबराला घासते.

स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर आकड्यात फरक पडत नाही. गिअरबॉक्सवरून चालत असेल तर खरा वेग ५० असताना काटा ५४ दाखवेल.

स्प्रॉकेट बदलताना

पुढच्या स्प्रॉकेटचे नट-बोल्ट चेन चढलेली असतानाच सैल करा. गाडी गिअरमध्ये टाका, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला लावा. चेन काढल्यावर स्प्रॉकेट हाताबरोबर फिरत राहतं आणि मग लोक हातोडी घेतात. त्यात शाफ्टचं नुकसान होतं. कव्हरच्या आत वंगण आणि मातीचा दगडासारखा थर असतो, तो खरवडून काढा. तो राहिला तर नवं स्प्रॉकेट सरळ बसत नाही.

जुनी चेन चालेल का? मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहा. अर्धा दात उघडा दिसला, किंवा दात विळ्यासारखे वाकलेले असले, तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला. जुनी चेन नवे दात खाऊन टाकते.

पुढचा एक दात कमी केल्यावर ५२० मापाच्या चेनला मागचं चाक सुमारे ४ मिलिमीटर मागे सरकवावं लागतं, ४२८ मापाच्या चेनला ३ च्या आसपास. एवढी जागा बहुतेक गाड्यांना असते. मागे तीन दात वाढवले तर ५२० वर चाक १२ मिलिमीटर पुढे यावं लागतं, आणि बहुतेक वेळा तिथेच लांब चेन घेण्याची पाळी येते.

चेनची ढिलाई स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. या गाड्यांचं सस्पेन्शन लांब असतं, म्हणून उभ्या गाडीत चेन नीट वाटली तरी बसल्यावर ताणली जाते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. मागे वजनदार माणूस बसवून त्या स्थितीतही थोडी ढील उरते का, ते पाहा. नाही उरली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि सील मार खातात.

बॅलन्सिंग

हँडल ७०-८० च्या वेगाला थरथरतं म्हणून थेट वजनं चिकटवू नका. आधी चाक धुवा. रिमच्या खोबणीत वाळलेल्या मातीचा एखादा पट्टाच पुरेसा असतो. मग पान्याने चाकाची प्रत्येक तार (स्पोक) वाजवा. घट्ट तार टणण वाजते, सैल तार थप्प. सैल तार पाव फेऱ्याहून जास्त एकदम आवळू नका. फोर्कला (मागच्या चाकासाठी स्विंगआर्मला) एक वेगळी कडक तार बांधून तिचं टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. फरक २ मिलिमीटरहून जास्त असेल तर रिमचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या. टायर रिमवर सगळीकडून सारखा बसलाय का, तेही कडेच्या रेषेवरून कळतं.

एवढं झाल्यावर ॲक्सलची दोन टोकं दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकवा, चाक मध्ये उभं राहू द्या, डिस्क कुठेही घासू देऊ नका. हलकेच फिरवून सोडा. तीनदा तोच भाग खाली आला तर तिथे खडूची खूण करा. जड बाजू तीच. बरोबर समोर, वरच्या बाजूला १० ग्रॅम वजन टेपने लावा आणि पुन्हा फिरवा. चाक कुठेही थांबवलं तरी जागचं हललं नाही की झालं. ६० ग्रॅमहून जास्त लागत असेल तर हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशी आणा.

तारांच्या रिमवर चिकटवायची वजनं चिखलात सुटतात. त्यापेक्षा सोल्डरिंगची जाड तार सोनाराकडे तोलून घ्या आणि रिमला लागून, निपलजवळच (तार रिमला जिथे आवळतात तिथे) स्पोकला गुंडाळून वर टेप मारा. हबकडे सरकवली तर तेवढंच वजन कमी काम करतं.

चाक बसवताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका; स्विंगआर्मच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. ॲक्सलच्या नटाला कॉटर पिन असेल तर नवीच घाला. १०० किलोमीटरनंतर चेनची ढील आणि तारा पुन्हा एकदा तपासा. तारा नव्याने आवळल्या असतील तर त्यातल्या दोन-चार हमखास सैल निघतात.