उन्हाळ्यातल्या ट्रेलसाठी गिअर घेताना काय बघायचं

मार्च लागला की बाइक घेऊन कच्च्या वाटांवर, म्हणजे ट्रेलला, निघणाऱ्या नवीन पोरांचे फोन सुरू होतात: गिअर, म्हणजे अंगावरचं जॅकेट, हेल्मेट, बूट, कुठलं घ्यायचं? बहुतेकांचा पहिला प्रश्न जॅकेटचा असतो: सगळ्यात जास्त हवा कशातून लागते? मी त्यांना आधी दुसरंच विचारतो. तुमच्या ट्रेलवर सगळ्यात हळू चालणारा तास कुठला?

हायवेवर ऐंशीच्या वेगात कुठलंही मेश (जाळीचं) जॅकेट बरं वाटतं. अनेर नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत, पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी काढताना वेग दहा-पंधराचा असतो. वारा जवळजवळ नाही, आणि हात, मांड्या, कंबर सगळं कामाला लागलेलं. गिअर निवडायचं ते या तासासाठी. या तासात जे अंगावर ठेववत नाही ते काढून बॅगेला बांधलं जातं, आणि माणूस पडतोही नेमका याच तासात.

मी ठिबकच्या कामासाठी जळगाव-चोपडा-यावल पट्ट्यात शिवारं फिरतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याच भागात ट्रेल करतो. अभयारण्याची हद्द सोडून सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम, तापीकाठच्या भेगाळलेल्या काळ्या रानातला फुफाटा, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या पाणंदी. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो. बहीण दापोलीला असते, म्हणून कोकणातल्या लाल मातीचा घामही चांगला ओळखीचा आहे. ही दोन उन्हं वेगळी आहेत आणि गिअरही वेगळं मागतात.

भाच्याने मागे पुण्याहून फोन केला होता. "मामा, पूर्ण मेशचं जॅकेट घेतलंय, पुढून-मागून आरपार. आता तुमच्याकडे मे महिन्यात आलो तरी चालेल ना?" त्याला जे समजावलं तेच इथे सांगतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा 44 अंशांची असेल तर तोच वारा उष्णता अंगात आणून घालतो. मग गार करण्याचं एकच साधन उरतं, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता अंगातून जाते. पण तो अंगावरच वाळला पाहिजे. ठिबकून खाली पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही.

म्हणून आमच्याकडच्या कोरड्या झळांत, डांबरी रस्त्यावरून ट्रेलपर्यंत जाताना मी छातीकडची झडप अर्धी बंद ठेवतो आणि आतला बेस लेयर, म्हणजे अंगालगतचा बनियन, पाण्यात भिजवून घालतो. हवा थोडी थोडी आत येते, पाणी हळूहळू वाळतं, तासभर गारवा टिकतो. पूर्ण उघड्या मेशमध्ये तेच पाणी दहा-पंधरा मिनिटांत उडून जातं आणि पुढे शरीरातलं पाणी खर्च व्हायला लागतं. भिजवून घालायच्या कूलिंग व्हेस्टही आमच्याकडे छान चालतात. दापोलीला त्याच व्हेस्टचं ओझं होतं, कारण दमट हवेत तिच्यातलं पाणी वाळतच नाही. तिथे पारा 34 असला तरी सगळं उघडं मेश, सैल जर्सी आणि सावलीतल्या विश्रांती हाच मार्ग. केळीच्या दाट, भिजलेल्या बागेत शिरलात की खानदेशातही काही वेळ कोकणच असतं, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा जॅकेट घेताना बघायचं ते हे: मेशचे भाग किती मोठे आहेत यापेक्षा ते बंद करता येतात का? पाठीकडे हवा बाहेर जायला वाट आहे का? पुढून आत आलेली हवा अडकली तर पुढची जाळी कितीही मोठी असो, उपयोग नाही. पाणपिशवी पाठीवर घेणार असाल तर ती पाठीची जाळी झाकते. म्हणून काखेजवळ आणि बाजूंनाही जाळी हवी. रंग फिका घ्या. थांबलेल्या गाडीवर काळं जॅकेट तापतं ते हात लावला की कळतं, आणि फुफाटा तसाही दोन्ही रंगांवर दिसतो.

आता आर्मर, म्हणजे कपड्यांत बसवलेले ठोका झेलणारे पॅड, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण दुकानात यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आर्मर बाहेर काढून त्यावरची खूण वाचा. हात-पायांच्या आर्मरवर ईएन (युरोपीय मानक) 1621-1 असतं, पाठीच्या 1621-2, छातीच्या 1621-3. लेव्हल 1 की 2, हेही तिथेच असतं. हात-पायांच्या चाचणीत 50 ज्यूलचा ठोका देतात. आरपार जाणारं बल सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल 1, आणि 20 च्या आत राहिलं तर लेव्हल 2. पाठीसाठी हेच आकडे 18 आणि 9 आहेत. फरक मोठा आहे.

त्याच लेबलवर आमच्यासारख्यांनी आवर्जून शोधायची खूण म्हणजे 'टी' आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह. तिचा अर्थ, ते आर्मर 40 अंशांना तापवूनही चाचणीत उतरलं आहे. ही चाचणी ऐच्छिक असल्याने सगळ्यांवर ती खूण नसते. हल्लीचं मऊ, वळणारं आर्मर अंगाच्या उष्णतेने आणखी मऊ होतं, म्हणून तर ते घालायला सुखाचं. पण मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीवर ठेवलेलं जॅकेट 40 अंश केव्हाच ओलांडतं. दोन आर्मरांची किंमत सारखी असेल आणि एकावरच ही खूण असेल, तर विचार करण्यासारखं काही उरत नाही.

पूर्ण ऑफरोडसाठी माझी पसंती जॅकेटला नाहीच. आर्मर असलेला जाळीचा घट्ट शर्ट आणि वर सैल जर्सी. घट्ट असल्याने कोपराचं आर्मर पडताना जागेवरून सरकत नाही, आणि सैल जर्सीखाली हवा खेळते. मात्र हे शर्ट बहुधा ईएन 17092 या बाइकच्या कपड्यांच्या मानकातल्या सी वर्गातले असतात. सी वर्गाचा कपडा फक्त आर्मर जागेवर धरून ठेवतो. डांबरावर घसरताना कातडी वाचवणं हे त्याचं काम नाही. मातीत चालेल. पण ट्रेलपर्यंत पोचायला पन्नास-साठ किलोमीटर हायवे असेल तर वरून एक हलकं, एक माप मोठं, घसरण सोसणाऱ्या ए किंवा एए वर्गाचं मेश जॅकेट हवं. ट्रेल सुरू होते तिथे ते काढून मागे बांधायचं, परतताना पुन्हा चढवायचं. खर्च थोडा वाढतो, पण दोन्हीकडे चालणारं एकच जॅकेट उन्हाळ्यात दोन्हीकडे अर्धवट काम करतं असं माझं ठाम मत आहे.

छातीवरचं कडक प्लास्टिकचं कवच घेतलंत तर लेबल परत वाचा. ईएन 14021 एवढंच लिहिलं असेल तर ते पुढच्या गाडीच्या चाकातून उडणाऱ्या दगडांसाठी आहे. हँडलवर छाती आपटली तर त्यासाठी 1621-3 लागतं.

हेल्मेट एमएक्स (मोटोक्रॉस) प्रकारचं घ्या: पुढे टोपीसारखी पीक, लांब हनुवटी, काच नाही, वेगळा गॉगल. हनुवटी लांब असल्याने धाप लागली तरी श्वास कोंडत नाही, आणि हळू वेगात हाच मोठा फायदा. मावळतीला तापीकाठाने पश्चिमेकडे येताना मान थोडी खाली केली की पीक डोळ्यांवरचं ऊन अडवते. हायवेला मात्र ती वारा पकडते आणि मान ओढली जाते. आयएस 4151 या हेल्मेटच्या भारतीय मानकाची आयएसआय खूण आपल्याकडे कायद्यानेच लागते. सोबत ईसीई 22.06 हे युरोपातलं मानक असेल तर उत्तम, त्यात तिरक्या ठोक्याचीही चाचणी असते. आतलं अस्तर निघणारं आणि धुता येणारं असावं. मिळाला तर जादा संच घेऊन ठेवा. अस्तर घामाने दबतं, त्यामुळे नवीन असताना गाल थोडे दाबणारंच माप घ्या. कपाळ दुखत असेल तर मात्र तो आकार तुमचा नाही.

गॉगलला तीन थरांचा फोम बघा. एकाच थराचा फोम घाम धरू शकत नाही, तो डोळ्यांत उतरतो, आणि नेमक्या उतारावर एक हात हँडलवरून सुटतो. गडद काच उघड्या रानात छान, पण झाडीत शिरल्यावर दगड दिसत नाहीत. साधी काच खिशात असू द्या.

बूट. उन्हाळा म्हणून इथे अजिबात सूट घेऊ नका. घोट्यावर गाडी पडायला वेग लागत नाही, उभ्या गाडीचा तोल गेला तरी पुरे. ईएन 13634 असलेले, नडगीवर कडक पट्टी आणि घोट्याला दोन्ही बाजूंनी आधार असलेले उंच ऑफरोड बूट घ्या. उन्हाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट टाळा. आतला पडदा बाहेरचं पाणी अडवतो तसा घामही बराच अडवतो, आणि ओढ्यात वरून पाणी शिरलं तर ते बाहेर पडत नाही. पाय गरम होतात हे खरं. त्यावर उपाय गुडघ्यापर्यंतचे पातळ, लोकरीच्या किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे. जाड सुती मोजे घामाने ओले होऊन फोड आणतात. बूट दुपारनंतर बघायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि नी गार्ड घालूनच ते चढवून बघा. दोन्ही एकमेकांवर चढत असतील तर पेगवर वाकल्यावर गुडघा मोकळा राहणार नाही.

नी गार्ड पँटच्या आतून घालायचे. थेट कातडीवर घातले तर पट्टा घासून घामोळं आणि जखम होते, म्हणून खाली पातळ स्लीव्ह. पँट एमएक्सची, गुडघ्यामागे आणि कंबरेला ताणणारं कापड असलेली, आणि आतल्या बाजूला इंजिनाचा चटका सोसणारा चामड्याचा किंवा तशाच जाड कापडाचा तुकडा असलेली. जीन्स नकोच. ती भिजते, वाळत नाही आणि मांड्या सोलते.

ग्लोव्हज पातळ. तळहातावर एकच थर आणि शिवणी कमी, कारण ओल्या हाताला घडी पडली की फोड आलाच. गाडीला हँडगार्ड असतील तर बोटांवर कडक कवच नसलं तरी निभतं, पण बाभळीच्या झुडपांतून जायचं असेल तर पूर्ण उघडे जाळीचे ग्लोव्हज घेऊ नका. दोन जोड ठेवा. मधल्या विश्रांतीत बदलले की पकड पुन्हा येते.

बनियनबद्दल दोन मतं आहेत, माझं हे: आर्मरखाली कृत्रिम धाग्याचा, अंगाला चिकटणारा, लांब बाह्यांचा बेस लेयर. सुती कापड पाणी जास्त धरतं, म्हणून मानेभोवती ओला सुती रुमाल मी नेहमी ठेवतो, आमच्या शेतातले लोक ठेवतात तसाच. पण आर्मरच्या कडेखाली भिजलेलं सुती कापड दिवसभर घासत राहतं. कोकणात तर सुती नकोच.

पाणपिशवी हाही गिअरचाच भाग. आमच्या उन्हात दोन लिटरच्या खाली नाही, आणि गाडीवर आणखी एक बाटली. नळी खांद्यावर क्लिपने अडकवलेली हवी, म्हणजे थांबलं की हेल्मेट न काढता घोट घेता येतो. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा, ते पिशवीत न घालता बाटलीत घाला. पिशवी आणि नळी गोड पाण्याने लवकर घाण होतात. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, सोप्या जागी गाडी पाडायला लागला, तर राइड तिथेच संपली. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, हेल्मेट, जर्सी, आर्मर, बूट सगळं काढा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि 108 ला फोन करा. याचसाठी गिअर घेताना बघून ठेवा, आर्मर शर्टाला पुढे पूर्ण चेन आहे का. डोक्यावरून काढायचा घट्ट, ओला शर्ट बेशुद्ध माणसाच्या अंगावरून निघत नाही, कापावा लागतो.

दुकानात एसी असतो, तिथे सगळंच बरं वाटतं. पूर्ण संच घालून, दुकानदाराला विचारून, बाहेर उन्हात पंधरा मिनिटं उभे राहा. कोपरं बाहेर काढून, गुडघे वाकवून, पेगवर असल्यासारखे. दोन मजले जिने चढा-उतरा. कुठे टोचतंय, कुठे सरकतंय ते तिथेच कळतं.

घरी आल्यावर आर्मर काढून जर्सी, शर्ट, अस्तर त्याच दिवशी गार पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. घामातलं मीठ शिवणी आणि चेन खातं. हेल्मेट गच्चीवर उन्हात वाळत ठेवू नका, घरात पंख्याखाली ठेवा.

पैसे एकदम जमत नसतील तर क्रम असा: हेल्मेट आणि बूट, मग नी गार्ड, मग आर्मरचा शर्ट, मग ग्लोव्हज आणि गॉगल. जर्सी आणि पँट सगळ्यात शेवटी. तोवर घरातला जुना, सैल, पूर्ण बाह्यांचा खेळाचा टी-शर्ट आर्मरवर चालतो.